वरुडीचा डोंगा

धुके सुंदर असते असे म्हणणाऱ्या माणसांचा मला मनापासून संताप येतो. परवाच आमच्या मेहकरच्या कचेरीत बदलून आलेले एक तरुण कारकून सकाळी व्हरांड्यात उभे होते. हातात चहाची बशी धरून ते समोरच्या कडुनिंबाकडे पाहत म्हणाले की, असा देखावा पाहायला लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात. वास्तविक कडुनिंब दिसतच नव्हता. त्याच्याखाली मांडलेले माझे टेबल, माझी खुर्ची आणि त्या खुर्चीवर बसलेला मी, यांपैकी त्यांना काहीही दिसत नव्हते. जे दिसत नाही त्यालाच देखावा म्हणायची रीत सरकारी नोकरीत फार लवकर अंगवळणी पडते. दमट हवेने कागद मऊ पडला होता, शाई फुटत होती, आणि एका विधवेचा वारसाचा अर्ज मला दुसऱ्यांदा लिहावा लागत होता.

कार्तिक सरत आला, तुरीला पिवळा फुलोरा आला, अंगणातल्या दोरीवर रात्रभर राहिलेले धोतर सकाळी पिळता येऊ लागले, की माझे मस्तक फिरते. घरातली मंडळी हे जाणून आहेत; त्या दिवसांत माझ्यापुढे भाकरीचे ताट न बोलता ठेवले जाते. कापसाची बोंडे दवाने जड होतात, खळ्यावरच्या पोत्यांना ओलसर वास येतो, सकाळची एस.टी. दिवे लावून म्हाताऱ्यासारखी चाचपडत येते. बाकीच्यांना हा हंगाम म्हणजे हुरडा आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा. मला मात्र एका वर्षीचे एकच धुके आठवते. ते अजून निवळलेले नाही.

मी सातवी पास आहे. तीही जुन्या काळची सातवी, जिच्यापुढे आजचे मॅट्रिक झालेले लोक सरळ वाक्य लिहिताना घाम पुसतात. अर्जनवीस म्हणून या तालुक्यात माझ्या हाताखालून जेवढी दुःखे गेली, तेवढी कोणा डॉक्टरच्याही गेली नसतील. लोक मला मुन्शीजी म्हणतात. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढे मी जे लिहिणार आहे ते रस्त्यावरच्या माणसाचे गाऱ्हाणे नव्हे. कायद्याची भाषा जाणणाऱ्या माणसाचा तो राग आहे, आणि तो मी शांतपणे मांडणार आहे.

राज्य नवे होते, धरण नवे होते, आणि त्या वर्षी धरण पहिल्यांदाच काठोकाठ भरले होते. पाण्याखाली गेलेल्या जमिनींबद्दल येथे लिहीत नाही. त्याविषयी तेव्हा पुष्कळ लिहिले आहे. प्रश्न रस्त्याचा होता. वरुडी नावाचे गाव तळ्याच्या पूर्वेला राहिले आणि बाजार, दवाखाना, कचेरी, एस.टी., सगळे पश्चिमेला. मधला गाडीरस्ता पाण्यात. वळसा घालून यायचे म्हणजे सगळा दिवस मोडायचा. म्हणून तान्याबा भोई याला प्रवासी नेण्यासाठी डोंगा चालवण्याचा परवाना मिळाला. त्या परवान्याचा अर्ज माझ्याच हातचा. वरुडीच्या लोकांना जगाशी जोडणारा तो एकच धागा होता, हे वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे. कारण पुढे सगळे भांडण त्या धाग्याचेच आहे.

तान्याबा गरीब बिचारा वगैरे मुळीच नव्हता. अंगाने वाळलेला, तोंडाने फटकळ, आणि डोंग्यात बसलेल्या कोणाचीही रेवडी उडवायला कायम तयार. मी प्रथम बसलो तेव्हा माझ्या पेटीकडे पाहून त्याने विचारले की, मुन्शीजी, यात कागदं हायत की दुसऱ्याचे तंटे. डोंगा एका अंगाले काऊन झुकून राह्यला? बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी मधोमध सरकून बसलो.

रस्ता बुडाला होता, पण नाहीसा झाला नव्हता. तान्याबा लांब बांबू पाण्यात सोडी. खाली जुन्या रस्त्याची खडी लागली की टक्क असा एक ठोका बांबूतून वर येई आणि डोंग्यात बसलेल्यालाही तो पायाच्या तळव्याला कळे. चिखल लागला की काही कळत नसे. मग तो डोंगा थोडा सरकवी आणि पुन्हा टक्क. अशा रीतीने आम्ही पाण्यावरून आमच्याच जुन्या रस्त्याने जात असू. मधोमध मात्र नदीचे मूळ पात्र होते. तेथे बांबू तळाला पोचत नसे. बांबू ठेवून वल्हे घ्यावे लागे. उघडीप असली तर समोरची झाडे दिसत. धुके असले की त्याची बायको यमुना वरुडीच्या काठावर उभी राहून पितळी थाळी वाजवी. एक ठोका, मग थांबून दुसरा. येताना थाळी समोर ठेवायची, जाताना पाठीशी ठेवायची. हे त्यांचे दिशेचे शास्त्र. धुक्यात बसून तो आवाज ऐकताना मला कधीही भीती वाटली नाही, आणि मी पाण्याला भिणारा माणूस आहे.

त्याच वर्षी आप्पासाहेबांनी लाँच आणली. आप्पासाहेब म्हणजे पश्चिम काठावरचे मोठे बागायतदार. स्वतः सभापती नव्हते, पण सभापती त्यांना विचारून शिंकत. लाँच मुंबईहून आली, कोणा हौशी गृहस्थाने वापरून सोडून दिलेली. ती ट्रकवरून आमच्या तालुक्यात शिरली तेव्हा लोक लग्नाची वरात पाहावी तसे रस्त्यावर आले होते. सागवानी अंग, पितळी कड्या, आत लाल गाद्या. पण आप्पासाहेबांचा जीव होता तो सुकाणूच्या चाकाजवळच्या यंत्रांवर. एका डबीत पाण्याची खोली दाखवणारा तांबडा दिवा गोल फिरे. काचेखाली तेलात तरंगणारे होकायंत्र होते. त्याच्या बाजूला एक काळी पेटी, तिला ते ऑटोपायलट म्हणत. दिशा एकदा लावून ठेवली की होकायंत्र पेटीला सांगे, पेटी मोटरला सांगे, आणि मोटर आपोआप चाक फिरवी.

दिवाळीत त्यांनी मोठमोठ्या माणसांना सहली घडवल्या. धरणाच्या भिंतीपासून सरळ उत्तरेला विश्रामगृहापर्यंत आणि तसेच परत. चाक सोडून ते पाहुण्यांकडे तोंड करून, छातीवर हात बांधून बसत आणि म्हणत की, आता कोणी हात लावायचा नाही. लाँच सुतात जाई. पाहुणे टाळ्या वाजवत. एकदा मलाही बोलावले होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. चाकाकडे पाठ करून बसलेला माणूस मला मुळातच आवडला नव्हता.

मग ती सकाळ. मार्गशीर्ष लागला होता. नागपूरकडचे पाहुणे होते आणि त्यांना पूर्व काठाचे, अर्धे पाण्यात गेलेले महादेवाचे देऊळ पाहायचे होते. धुके इतके की लाँचीच्या टोकावर उभा असलेला माणूस मागच्याला दिसत नव्हता. यंत्र आहे म्हणून आप्पासाहेबांनी पूर्वेची दिशा लावली, हात बांधले आणि पाहुण्यांना गोष्टी सांगायला बसले. ठरल्या वाटेने गेले असते तर लाँच डोंग्याच्या रस्त्यापासून बरीच लांबून गेली असती. ती गेली नाही. ती हळूहळू उजवीकडे सरकत राहिली, आणि सरकते आहे हे कोणालाच कळले नाही, कारण सगळे यंत्रावर सोपवून मोकळे झाले होते.

तान्याबा तेव्हा नदीच्या पात्रावर होता. पश्चिमेकडच्या बीबी गावच्या बाजाराला निघालेली माणसे, दोन शेळ्या, गणपत नावाचा एक वृद्ध. पाठीमागची थाळी इंजिनाच्या आवाजात बुडाली. तान्याबाने ओरडून पाहिले. लाँचीने डोंग्याची बाजू फोडली. माणसे लाकडाला धरून तरंगली, लाँचीतल्यांनी त्यांना वर ओढले. तेवढे श्रेय मी त्यांना देतो. शेळ्या गेल्या. गणपतचा पाय मोडला.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. डोंग्यावर दिवा नव्हता, भोंगा नव्हता, दिशादर्शक साधन नव्हते. डोंगा लाँचीच्या मार्गात आडवा आला. सबब परवाना तहकूब. लाँचीचा मार्ग हे शब्द मी वाचले तेव्हा माझ्या हातातला टाक खरोखर वाकला. पाण्याखाली ज्याच्या गावाचा रस्ता आहे तो आडवा आला, आणि करमणुकीसाठी फिरणारा मार्गाने चालला होता.

मी रागात लिहीत नाही. राग आला की आधी रुंद समास सोडतो आणि मग लिहितो. तान्याबाच्या वतीने कचेरीत दिलेला तो अर्ज चार कलमांचा होता आणि माझ्या आयुष्यातले ते उत्तम लिखाण होते. पहिल्यात घटना, दुसऱ्यात वरुडीची अडचण, तिसऱ्यात पंचनाम्याचे खंडन. चौथे कलम मला आजही तोंडपाठ आहे. ज्या वाहनाचे दिशादर्शक यंत्र निर्दोष असल्याची खात्री नाही, त्या वाहनास प्रवाशांच्या जीविताशी खेळण्याचा अधिकार पोचत नाही. करिता सर्वांसमक्ष यंत्राची तपासणी व्हावी.

आणि तपासणी झाली. लाँच धक्क्याला बांधलेली, टोक उत्तरेला. नायब तहसीलदार, धरणावरचे ओव्हरसियर, आप्पासाहेब, मी, तान्याबा आणि अर्धी वरुडी. यंत्र पाहायला मेहकरचे गफूर मिस्त्री आणले होते. त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, आणि या जिल्ह्यात बिघडलेली कोणतीही वस्तू आपल्या हातात आली की आपोआप शुद्धीवर येते असा त्यांचा दावा होता. त्यांनी बॅटरीच्या कड्या सुरीने खरवडल्या. फ्यूज काढून उजेडात पाहिला. पेटी उघडून आतल्या एकेका भागावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वैद्यासारखे टिचकी मारीत गेले. एक तार सुटली होती असे म्हणून जोडली, तर चाक गरगर उलटे फिरू लागले आणि ओव्हरसियरची टोपी त्यात सापडता सापडता वाचली. ती तार पुन्हा होती तशी केली. मग लाँच उत्तरेला नेऊन परत आणली. ती रेघ मारल्यासारखी गेली आणि आली.

गफूर मिस्त्रींनी हात पुसत जाहीर केले की, मशीन तंदुरुस्त आहे, बिमार कोन आहे ते पहा. आप्पासाहेब हसले. नायबसाहेबांनी घड्याळ पाहिले. तान्याबा माझ्याकडे पाहत होता, आणि ते पाहणे मला सोसवेना. मी म्हणालो की, अपघात उत्तरेला जाताना झालेला नाही, पूर्वेला जाताना झाला. तपासणी पूर्वेला व्हावी. असा युक्तिवाद वकिलालाही सुचला नसता. नाइलाजाने दोर सोडला. वाऱ्याने लाँच आपोआप आडवी झाली, टोक पूर्वेकडे वळले, आणि होकायंत्रावर वाकलेले गफूर मिस्त्री एकदम गप्प झाले. गप्प झालेले गफूर मिस्त्री मी त्याआधी पाहिले नव्हते.

“मुन्शीजी,” ते म्हणाले, “ही सुई उत्तरेले नाई पाहून राह्यली. ही लाँचीच्या सामने पाहते. सामने काय ठेवलं आहे?”

समोर फळी होती. मी ती उघडण्याची लेखी नोंदीसह मागणी केली. फळीखाली लाल कापडात गुंडाळलेला, हळदीकुंकवाने माखलेला नांगराचा फाळ निघाला, दोन बोल्टांनी पक्का आवळलेला.

गोष्ट अशी होती. खंडेनवमीला आप्पासाहेबांच्या वाड्यावर सगळी अवजारे आणि वाहने पुजली जात. ट्रॅक्टर, मोटार, पंप, सगळे. त्या वर्षी लाँचही रांगेत आली. त्यांच्या वृद्ध आत्याबाईंनी गंध लावताना सगळीकडे हात फिरवला, तर नुसते लाकूड आणि पितळ. इंजिन लोखंडाचे, पण ते मागे, झाकणाखाली. मुखाकडे लोखंडाचा कणही नाही. मुखाला लोखंड नसलेल्या वाहनाची खंडेनवमी पोचायची कशी? त्यांनी हट्ट धरला. म्हणून घरात आलेल्या पहिल्या लोखंडी नांगराचा जपून ठेवलेला फाळ लाँचीच्या मुखाशी बसवला गेला, नेमका होकायंत्राच्या पुढ्यात. लाँच उत्तर-दक्षिण चालली की फाळ आणि उत्तर एका रेषेत येत, सुई बरोबर दाखवी. लाँच पूर्वेला वळली की सुई फाळाच्या मोहात पडे, आणि पेटी इमानाने चुकीच्या दिशेला चाक फिरवी. सगळी दिवाळी ते उत्तर-दक्षिणच फिरले होते. म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही.

खंडेनवमीबद्दल मला काही म्हणायचे नाही. त्या दिवशी मीही दौत, टाक आणि चाकू पाटावर मांडतो. माझा संताप पुढच्या प्रसंगाचा आहे. दोष सापडला, सर्वांनी डोळ्यांनी पाहिला, आणि आप्पासाहेब म्हणाले की, पुजलेले लोखंड हलवायचे नाही. ओव्हरसियर म्हणाले की, हा प्रश्न त्यांच्या खात्याचा नाही. नायबसाहेब म्हणाले की, धार्मिक बाब आहे, जपून घ्यावे. घटकाभर ही सगळी शहाणी माणसे एका फाळाभोवती उभी होती आणि गणपत धक्क्यावर मोडका पाय लांब करून त्यांच्याकडे पाहत होता. शेवटी गुरुजींना आणले, उत्तरपूजा झाली, नारळ फुटला. फाळ निघाला. सुईने दोन हेलकावे घेतले आणि ती उत्तरेला स्थिर झाली. लाँच पूर्वेला नेली. सरळ गेली. सगळ्या जमावातून हुंकार उठला. वरुडीच्या लोकांनी मला खांद्यावर घ्यायचेच बाकी ठेवले.

आजही धुके पाहिले की मला ती सुई आठवते. माझ्या टेबलासमोरून या कचेरीत किती साहेब आले आणि गेले. बदलून येतात तेव्हा सुई उत्तरेला असते; मी पाहिले आहे. साधी, रोजची, कोणाच्या हिताआड न येणारी कामे असतात तोवर तीही रेघ मारल्यासारखी सरळ होतात आणि आपणही टाळ्या वाजवतो. कोणा मोठ्या माणसाच्या आड येणारा कागद समोर आला की सुई हळूच फिरते, आणि तरीही साहेब आपण सरळच चाललो आहोत असे प्रामाणिकपणे समजत असतो. लाचखाऊ माणसाशी भांडता येते. या प्रामाणिक माणसाशी कसे भांडावे, हे मला इतकी वर्षे अर्ज लिहूनही कळलेले नाही. फळी उघडून दाखवावी, तर तो म्हणतो की, धार्मिक बाब आहे.

तपासणीनंतर हुकूम आला तो मी स्वतः वाचला, कडुनिंबाखाली, वरुडीच्या लोकांसमोर, मोठ्याने. अर्जदाराच्याच म्हणण्याप्रमाणे निर्दोष दिशादर्शक यंत्राची खात्री असल्याखेरीज कोणत्याही वाहनाने प्रवासी नेऊ नयेत. लाँचीचे यंत्र सर्वांसमक्ष निर्दोष ठरले आहे. डोंग्यास यंत्रच नाही. सबब डोंग्याचा परवाना कायमचा रद्द, आणि प्रवासी नेण्याची परवानगी लाँचीस.

वाचता वाचता माझा आवाज चढत गेला. हे माझे वाक्य होते. माझ्या चौथ्या कलमाचे हातपाय मोडून त्यांनी त्याला आपल्या दारात उभे केले होते. ज्याने धडक दिली त्याला रस्ता, आणि ज्याला धडक बसली त्याला घरचा रस्ता. तान्याबाने फक्त विचारले की, कागद पुरा झाला का. मी हो म्हणालो. तो उठून निघून गेला.

लाँच वरुडीला कधी येई, कधी न येई. पाहुणे असले की येत नसे, डिझेल नसले की येत नसे. आणि धुके पडले की मुळीच येत नसे. निर्दोष यंत्र असूनही आप्पासाहेबांच्या ड्रायव्हरला धुक्यात जायचा धीर होत नव्हता. ज्या यंत्राच्या जोरावर डोंगा बंद केला, ते यंत्र धुक्यात धक्क्याला बांधलेले असे. शिवाय डोंगा पाण्यात दिसू नये म्हणून पश्चिम काठावर एक चौकीदार बसवला गेला. त्या एका पौषात वरुडीची किती माणसे वळशाच्या रस्त्याने ताप अंगावर काढत चालली असतील, ते मोजायला कोणी बसवले नाही.

मी बुलढाण्याला, थेट जिल्ह्याच्या साहेबांकडे धाडायला दुसरा अर्ज तयार केला. तान्याबाचा अंगठा हवा होता. पौष अर्धा सरला होता. वळसा घालून, अर्धी वाट एस.टी.ने आणि अर्धी पायी, मी संध्याकाळी वरुडीला पोचलो. यमुनाबाईंनी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगांची वाटी पुढे ठेवली. जेवण झाल्यावर मी अर्ज वाचून दाखवला. तान्याबाने ऐकून घेतला. अंगठा पुढे केला नाही.

“मुन्शीजी, तुमी लई चांगलं लिहिता,” तो म्हणाला. “म्हणूनच म्हन्तो, आता नका लिहू. तुमच्या लिहिल्यात त्याईले लागते ते सापडते.”

मी त्याला समजावले की दोष लिहिण्याचा नव्हता, वाचणाऱ्याचा होता. त्याने मान डोलावून हाव म्हटले. पण वाचनारे तेच हायत ना, असे म्हणून बिडी पेटवत बाहेर गेला. मी रागाने तळमळत घोंगडीवर पडून राहिलो.

सकाळी मला उठवले ते यमुनाबाईंनी. दाराबाहेर काही दिसत नव्हते. काठावर गेलो तर सांधलेला डोंगा पाण्यात होता आणि त्यात माणसे बसली होती. तेव्हा मला कळले. लाँच धुक्यात येत नव्हती, चौकीदाराला धुक्यात दिसत नव्हते. म्हणून वरुडीचा डोंगा आता फक्त धुक्यातच चालत होता. कुबडी छातीशी धरून गणपत बसला होता. एका बाईच्या कुशीत तापाने फणफणलेले मूल होते, दवाखान्यात न्यायचे. मला जागा करून दिली गेली. या वेळी माझ्या पेटीवर कोणी विनोद केला नाही.

बांबू पाण्यात उतरला. टक्क. मग पुन्हा टक्क. नदीचे पात्र आले तेव्हा मी पाठीमागच्या थाळीची वाट पाहिली, आणि ती वाजली नाही. वाजवली असती तर चौकीदाराने ऐकली असती. तान्याबा वल्हे मारत होता आणि मान वाकडी करून कानोसा घेत होता. कशाचा, ते देवाला ठाऊक. मूल रडायला लागले की आई त्याला छातीशी दाबून घेई. इतकी माणसे आणि एक शब्द नाही. चोरी केल्यासारखी आम्ही आमच्याच गावाहून आमच्याच बाजाराला चाललो होतो. बऱ्याच वेळाने बांबूला पुन्हा खडी लागली तेव्हा सर्वांनी एकदम श्वास सोडला.

काठाला लागल्यावर माणसे धुक्यात विरघळली. त्याच काठावर थोड्या अंतरावर चौकीदाराच्या खोकण्याचा आवाज येत होता. तान्याबाला परत जायचे होते. वरुडीच्या काठावर दुसऱ्या खेपेची माणसे थांबली होती. त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. मी हळू आवाजात त्याला सांगितले की, धुके निवळेपर्यंत थांब. निवळलं की मी दिसतो, असे तो म्हणाला. मग माझ्या खांद्याला हात लावून, त्याने कधी केली नव्हती ती मागणी माझ्याकडे केली.

“तुमी त्या चौकीदारापाशी जा अन् बोला. मोठ्यानं बोला. पात्र पार होईस्तोवर तुमचा आवाज माह्या पाठीशी राह्यला पायजे.”

मी विचारले की, बोलू काय?

“काही बी बोला. तुमाले का कमी हाय?”

मी चौकीदाराच्या शेकोटीपाशी गेलो. तो दचकून उठला. मी पेटी खाली ठेवली, छाती भरून घेतली आणि त्या जुन्या अर्जाचे पहिले कलम सुरू केले. मला धुक्यात टाळ्या मिळवायच्या नव्हत्या, की कोणा साहेबाची मर्जी राखायची नव्हती. आयुष्यात प्रथमच मी राग समासात न सोडता बोलत होतो. चौकीदार म्हणाला की, मुन्शीजी, मले काऊन सांगून राह्यले, मी का तहसीलदार हाय? मी त्याला म्हणालो की, उभा राहा आणि ऐक, सरकारचा पगार खातोस. तो बिचारा उभा राहिला. पाठीमागे पाण्यावर वल्ह्याचा आवाज दूर दूर जात होता. मी आवाज चढवला. दुसरे कलम झाले, पंचनाम्याचे खंडन झाले. चौथे कलम मी दोनदा म्हटले, पाण्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून.

वल्ह्याचा आवाज ऐकू येईनासा झाला होता. डोंगा पात्र ओलांडून गेला, की अजून मध्येच कान लावून थांबला होता, हे कळायला मार्ग नव्हता. मी पाचवे कलम सुरू केले. अर्जात पाचवे कलम नव्हते.